येतोबा

बुऱ्हाणपुरातल्या माझ्या पहिल्याच सकाळी मला दारातून परत फिरवण्यात आलं.

शाळेचा पहिला दिवस होता. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला मी आले होते, पण अवतार मात्र शिकायला जाणाऱ्या मुलीचा होता. नवी छत्री काखेत, दोन पुस्तकं छातीशी धरलेली, अशी मी मुक्कामाच्या सराईच्या उंबऱ्यापाशी आले आणि ओट्यावर बसलेल्या गृहस्थांना हळूच म्हणाले, "मी जाते."

गृहस्थ ताडकन उठले आणि दोन्ही हात चौकटीला लावून दारात आडवे उभे राहिले.

"काय म्हणालात, मास्तरीणबाई?"

"जाते."

"आत चला."

मी आत गेले. मला वाटलं, छत्री धरण्यात काही चुकलं असेल. त्यांनी मला बाजेवर बसवलं, तांब्यातलं पाणी दिलं, मी ते पिऊन होईपर्यंत तोंडाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आता नव्यानं निघा. दाराशी आल्यावर काय म्हणायचं?"

मी जबलपूरच्या कॉन्व्हेंटात वाढलेली. घरीही वडिलांना इंग्रजीचा शौक. माझं मराठी डोक्यात आधी इंग्रजीतून तयार होई आणि मग कपडे बदलून बाहेर येई. घरातून निघणारं मराठी माणूस 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं, हे मला कानाने माहीत होतं. पण जिभेला सवय नव्हती. शाळेची घंटा व्हायची वेळ आली होती. मी पुटपुटले, "येते."

"ऐकू नाही आलं. हौदापलीकडे आमची गोदामावशी आहे, तिला ऐकू गेलं पाहिजे."

"येते!"

"बिलकुल या," ते म्हणाले आणि दारातून बाजूला झाले. "संध्याकाळी तुमची खाट जागेवर असेल. फिकर नको."

हे येतोबा. खरं नाव रंगनाथ, पण ते नाव बुऱ्हाणपुरात कोणालाच ठाऊक नव्हतं. टांगेवाल्यापासून वकिलापर्यंत सगळे त्यांना तोंडावर येतोबाच म्हणत आणि तेही ओ देत. मी त्यांना काहीच म्हणत नसे. कोणालाही हाक न मारता त्याच्याशी बोलायची कला लाजऱ्या माणसांना आपोआप येते.

काकूंची सराय ही शनवाऱ्याच्या वेशीच्या आत, एका बोळाच्या तोंडाशी असलेली जुनी इमारत. पातळ विटांच्या भिंती, कमानी, मधे चौक, चौकात हौद. पूर्वी इथे मोठी सराय होती म्हणे. तिचा बाकीचा भाग घरांनी, दुकानांनी आणि मागांनी खाऊन टाकला आणि हा कोपरा तेवढा उरला. दारावर पाटी होती: 'ऐतीहासीक सराय. मुक्काम व न्याहारी.' पहिल्या शब्दातल्या दोन्ही वेलांट्या चुकलेल्या होत्या. मी जाता-येता त्या मनातल्या मनात दुरुस्त करत असे. तोंडाने कधी सांगितलं नाही.

सराय ऐतिहासिक आहे याबद्दल येतोबांना शंका नव्हती. फक्त तो इतिहास पाहुणा बघून बदलायचा. मला खोली दाखवताना ते म्हणाले होते, "ह्या खोलीत शहजादीला शिकवणारी उस्तानी राहायची. तीही तुमच्यासारखी, कमी बोलायची." पुढच्या महिन्यात त्याच खोलीच्या दारातून एका डॉक्टरांना ते सांगताना मी ऐकलं, की इथे बादशहाचे हकीम उतरत. विम्याचा एजंट आला तेव्हा मात्र त्यांना जरा विचार करावा लागला. शेवटी म्हणाले, "इथे एक ज्योतिषी राहायचे." आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी छातीवर हात ठेवून म्हणायचे, "इतिहास आहे!"

"खाटसुद्धा तेव्हाचीच का?" एजंटाने विचारलं.

"खाट मागच्या दिवाळीतली. पण जागा तीच."

न्याहारीला मात्र इतिहासात न बसणारी शिस्त होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि एक केळं. रविवारी त्यावर मावा जिलेबी. यात बदल नाही. नवं राज्य नुकतंच झालं होतं, राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली होती आणि कुठल्याकुठल्या संस्थानांतले कारकून, इन्स्पेक्टर, मोजणीवाले बदल्या होऊन गावात येऊन पडत होते. राहायला जागा नाही म्हणून सराईत उतरत. राज्यं विलीन झाली होती, जिभा झाल्या नव्हत्या. इंदूरचा पोहे मागे, ग्वाल्हेरचा कचोरी, भोपाळचा आणखी काहीतरी.

"सगळं मिळेल," येतोबा म्हणत. "आधी भाकरीत विलीन व्हा."

भाकऱ्या गोदामावशी करायची. ती डोईफोडिया गावची. नवरा गेल्यावर इथे आली आणि चुलीपाशी ठाण मांडून बसली. येतोबांवर तिची जीभ दिवसभर चालायची. "पाव्हण्याले भाकर देऊन राह्यला का गोष्टी? पोट भरू दे ना त्याचं. तुमच्या शहजादीनं काही बी खाल्लं नसंल, म्हून मेली!"

पण येतोबांचा खरा दरारा दारात. सराईतून 'जातो' म्हणून कोणी बाहेर पडू शकत नसे. भोपाळचा एक मोजणीदार 'चलता हूँ' म्हणाला, तर येतोबांनी त्याला अडवलं. "चलना तो ठीक है भैया, पर आना?" त्या बिचाऱ्याला मराठीचा गंध नव्हता. तीनदा 'एतो' म्हणाला, तेव्हा कुठे सुटका झाली. गल्लीतली मुलं मुद्दाम दारापाशी येऊन "जातो, जातो" ओरडून पळत, आणि येतोबा त्यांच्यामागे गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत धावत. कोपऱ्यापर्यंतच.

कारण दुसरी गोष्ट ही, की येतोबा कोपऱ्यापुढे कधीच जात नसत. भाजी घ्यायची तर कोपऱ्यावर उभं राहून हातगाडीवाल्याला जवळ बोलवायचं आणि कोथिंबीर निवडताना मान वळवून दाराकडे बघायचं. "पाहुणा आला आणि दारात कोणी नसलं तर?" तापी तिथून किती लांब? पण त्यांनी नदी बघितल्याला कित्येक वर्षं झाली होती. असीरगड तर त्यांनी मुळी पाहिलाच नव्हता, तरी पाहुण्यांना गडाची वाट, दरवाजे, मशीद, देऊळ असं सगळं इतकं तपशिलात सांगत की ऐकणाऱ्याला धाप लागे. मी शाळेच्या मुलींबरोबर गडावर जाऊन आले. सगळं त्यांनी सांगितल्यासारखंच निघालं, फक्त तलाव दुसऱ्या बाजूला. मी आल्यावर तसं सांगितलं.

येतोबा क्षणभर विचारात पडले. "हलवला असेल," म्हणाले.

आणि 'येतो' म्हणून गेलेल्यांचं पुढे काय? त्यांच्या खाटा राखल्या जात. म्हणजे खाटेवर दुसरा माणूस झोपे, पण खाट पहिल्याचीच राही. मी झोपत होते ती रावेरच्या एका केळीवाल्या शेठजींची. "ते आले की तुम्हाला दुसरी देऊ." शेठजी एकदा खरंच आले. येतोबांनी त्यांना दारातच मिठी मारली आणि माझ्याकडे वळून, युद्ध जिंकल्यासारखे म्हणाले, "बघा! येतो म्हणाले होते!" त्या दिवशी मी गोदामावशीपाशी झोपले. शेठजी घोरत होते आणि येतोबा त्यांचं घोरणं ऐकत ओट्यावर समाधानाने बसले होते.

एक खोली मात्र कोणालाच मिळत नसे. हौदापलीकडची, मथुराकाकूंची. ज्यांची ही सराय, त्या काकू. त्या काशीला गेल्या होत्या. येतोबा त्यांच्या खोलीतलं अंथरूण रोज उन्हात टाकत, झटकत, पुन्हा घालत. माठात ताजं पाणी भरत. सराय भरली की स्वतः ओट्यावर झोपत, पण ती खोली उघडत नसत.

मी आले तेव्हा मला वाटलं होतं, काकू महिन्याभरात परततील. मग गोदामावशीनं एकदा भाकरी थापताथापता सांगितलं, "काकू जाऊन जमाना झाला. माझ्या आधीची गोष्ट. गंगामाईनं कवाच नेली असंल तिले. आन हा बाबा तिच्या उशीचा अभ्रा धुऊन राह्यला! सांगावं कोणी? मी नाही सांगत. तू बी नको सांगू."

मी कशाला सांगते!

त्या थंडीत ग्वाल्हेरचे साहेब आले. नव्या कचेरीसाठी जागा ताब्यात घ्यायची होती. दोन जागा त्यांच्या नजरेत होत्या. एक स्टेशनाकडचं, लालबागेतलं, सरकीचं बंद पडलेलं गोदाम. दुसरी काकूंची सराय. सराय गावात, वेशीच्या आत, मोक्याची. आणि मुख्य म्हणजे तिचा मालक जागेवर नव्हता. मालक नसलेलं घर घ्यायला सोपं.

साहेबांनी ठरवलं, जागा बघायची तर दोन रात्री राहूनच बघू. सकाळी टांग्यातून उतरले. काळी टोपी, पांढऱ्या मिशा, बोलणं ग्वाल्हेरचं मराठी, मऊ आणि आदबशीर, पण आत हिशोबी.

गल्लीला वाऱ्यासारखी बातमी लागली. समोरचे वकील पहिले धावत आले. "येतोबा, ऐका माझं. साहेब विचारतील, मालक कोण. छाती पुढे काढून म्हणायचं, मी. काकूंचा पुतण्या. एवढ्यावर मी बाकीचं सांभाळतो."

"मी पुतण्या नाही."

"अहो, कोण विचारतंय!"

"साहेब विचारणार म्हणून तुम्हीच सांगून राहिलात ना?"

"म्हणजे तुम्ही आहात तरी कोण?" वकील वैतागले.

येतोबा शांतपणे म्हणाले, "मी पाहुणा आहे. एका रात्रीच्या मुक्कामाला आलो होतो. काकू निघताना म्हणाल्या, येते मी, तोवर दार बघ. बघतोय."

वकिलांचं तोंड उघडंच राहिलं. माझंही. इतकी वर्षं गावाने ज्याला सराईवाला समजून रामराम केला, तो सराईतला सगळ्यात जुना पाहुणा निघाला होता. ज्याचा मुक्काम अजून संपला नव्हता.

गोदामावशी चुलीजवळून म्हणाली, "येक वेळ खोटं बोलला तर जीभ झडत नाही, बाबा."

"जीभ नाही झडत, मावशी. शब्द झडतो."

मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. वकील म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्ही साहेबांशी इंग्रजीत बोला. इंग्रजीत बोललं की साहेब नरमतो." मी खांबाआड सरकले. तरी रात्रभर मी दोन वाक्यं जुळवली. व्याकरणाने निर्दोष, लांबलचक, मधे एक अर्धविरामसुद्धा होता.

साहेबांना पहिल्या दिवशी येतोबांनी स्वतः फिरवून सगळी सराय दाखवली. कमानी मोजून दाखवल्या, विटा हात लावून दाखवल्या. मला वाटलं होतं, ते घाबरून गळके, मोडके भाग दाखवतील. उलट, माठ कुठे गार राहतो हेसुद्धा सांगितलं. वकील कपाळाला हात लावून बसले. "अहो, गिऱ्हाईकाला दाखवावं तसं दाखवताय!"

"पाहुणे आहेत," येतोबा म्हणाले.

साहेबांनी विचारलं, "आमच्यासारखं कोणी अधिकारी पूर्वी राहून गेलंय का इथे?"

"सुभेदार राहायचे. तीन आठवडे होते. पण त्यांनी घर घेतलं नाही. पाहुणे म्हणून आले, पाहुणे म्हणून निघाले. म्हणून आजही त्यांचं नाव घेतो."

"काय नाव त्यांचं?"

येतोबा अडखळले. "मोठं होतं," म्हणाले. "इतिहास आहे!"

साहेबांच्या मिशा किंचित हलल्या. हसले की काय, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी विषय निघाला. ओट्यावर साहेब, समोर भाकरी-ठेचा, दारात वकील, आत गोदामावशी, आणि खांबाआड मी.

"रंगनाथराव," साहेब कचेरीच्या कागदात बघून म्हणाले. हे नाव ऐकून दोघातिघांनी मागे वळून पाहिलं, की हे कोण आले. "आपण ह्या वास्तूचे मालक?"

वकिलांनी जोरात खाकरून मान होकारार्थी हलवली. येतोबांनी ती पाहिली आणि म्हणाले, "नाही साहेब. मालकीणबाई मथुराकाकू. काशीला गेल्यात."

"केव्हा?"

"झाली बरीच वर्षं."

"मग त्या परत येणार कशावरून?"

"येते म्हणाल्या."

"एवढंच?"

"एवढंच. जाते म्हणाल्या असत्या, तर किल्ल्या मीच तुमच्या हातात आणून दिल्या असत्या."

साहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, खाल्ला. ठेचा लागला असावा. डोळे पुसले आणि एकदम खांबाकडे बघून इंग्रजीत म्हणाले, की तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हालाही वाटतं का, की ती बाई येणार आहे?

माझी दोन्ही वाक्यं, त्यातल्या अर्धविरामासकट, कुठे गेली कोण जाणे. मी मराठीतच बोलले. एवढंच म्हणाले, "इथे लोक परत येतात."

माझ्या आवाजाची मलाच भीती वाटली, कारण तो हौदापलीकडे ऐकू गेला असणार.

साहेबांनी ताट बाजूला सारलं. मग येतोबांना म्हणाले, "माझी आई ग्वाल्हेरला आहे. बदली झाली तेव्हा दारापर्यंत आली होती." पुढे काही बोलतील असं वाटलं. पण हात धुऊन उठले. "उद्या निघताना सांगतो काय ते. जागा कोणती घ्यायची ते."

झालं. आता सगळ्या गल्लीला कळलं होतं की निकाल दारात लागणार.

सकाळी टांगा आला. मागवाले माग थांबवून आले, हातगाडीवाला आला, मुलं वेशीवर चढून बसली. वकील अंगात काळा कोट घालून आले होते, का ते मला अजून कळलेलं नाही. साहेबांची ट्रंक टांग्यात चढली. साहेब उंबऱ्यापाशी आले. येतोबा दाराच्या आत उभे होते, आज चौकटीला हात न लावता, हात जोडून.

"अच्छा," साहेब म्हणाले.

कोणी हाललं नाही.

"चला."

वेशीवरची मुलं पुढे वाकली.

"निघतो," साहेब म्हणाले, आणि एक पाय बाहेर टाकला.

"साहेब," येतोबांचा आवाज बारीक झाला होता, पण सवय कशी सुटणार! "निघतो हे अर्धंच झालं. नुसतं पेरून कोणी शेतावरून उठतं का? पुढचं काय म्हणायचं?"

गोदामावशीनं आतून "आई गं" केलं. साहेबांनी येतोबांकडे पाहिलं, मोठ्या गंभीरपणे मान हलवली, आणि काही न बोलता टांग्यात जाऊन बसले.

टांगा हलला. घोड्याचे घुंगरू वाजायला लागले. येतोबा जागच्या जागी उभे. त्यांचे जोडलेले हात सुटले नव्हते. टांगा कोपऱ्यापर्यंत पोचला, जिथे येतोबांचं जग संपतं तिथे. आणि थांबला. साहेबांनी टांग्यातून अर्धं अंग बाहेर काढलं, टोपी हातात घेतली आणि ग्वाल्हेरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"येतो!"

पुढचं काय सांगू? मुलं वेशीवरून खाली उड्या मारत होती. वकिलांनी कोट काढून हवेत फिरवला. मागवाल्यांनी येतोबांना उचललं आणि "येतोबा की जय" करत हौदाभोवती फिरवलं. गोदामावशी पदरात तोंड लपवून हसत होती का रडत होती, देव जाणे. समोरच्या हलवायानं परात भरून मावा जिलेबी पाठवली, रविवार नसताना. आणि महिन्याभरात कचेरीची पाटी लागली ती लालबागेतल्या गोदामावर. सरकीच्या वासाने कारकुनांना शिंका येतात, असं ऐकते. साहेब पुढे वरचेवर आले, पाहुणे म्हणूनच. त्यांच्या खाटेवर आता कधी कोणी झोपलं, तर येतोबा बजावतात, "ही सुभेदारांची."

पण मला सांगायचं आहे ते त्या जिलेबीच्या दुपारचं.

सगळे चौकात खात होते आणि येतोबाच नव्हते. मी शोधायला गेले. काकूंच्या खोलीत होते. अंथरूण उन्हातून आणून खाटेवर घालत होते, चादरीच्या चारही कोपऱ्यांना सारख्या घड्या.

"सगळे वाट बघतायत," मी म्हणाले.

"येतो," ते म्हणाले. मग स्वतःशीच हसले आणि खाटेच्या कडेला टेकले. त्या खाटेवर त्यांना टेकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"साहेबांनी विचारलं ते बरोबर विचारलं," ते म्हणाले. "परत येणार कशावरून. मला का समजत नाही, मास्तरीणबाई? गोदामावशी मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलते. सगळं ऐकू येतं."

मी उंबऱ्यावर बसले.

"मी पैठणचा. आमच्या घरी माग. बहिणीचं लग्न ठरलं, तिचा शालू वडील घरीच विणत होते. त्याच्या पदराला बुऱ्हाणपूरची जरीची लडी हवी. मी म्हणालो, मी आणतो. निघालो तेव्हा ती दारात उभी होती. मी म्हणालो, येतो. इथे आलो, लडी घेतली, रात्रीच्या मुक्कामाला काकूंकडे उतरलो. आणि ताप भरला. कितीतरी दिवस शुद्ध नव्हती. काकूंनी वाचवलं. उठून बसलो तेव्हा लग्न होऊन गेलेलं. आता कोणत्या तोंडानं जायचं? म्हटलं, पुढच्या महिन्यात. मग काकू काशीला गेल्या, दार माझ्याकडे आलं. मग निजामाच्या हद्दीत गडबडी सुरू झाल्या, अजिंठ्याकडे नाका, झडत्या. म्हटलं, नाका उठला की जाऊ." ते थांबले. "निजामच उठला. नाकाही उठला. आता हद्दच राहिली नाही, तर निमित्त कशाचं सांगू?"

चौकात कोणीतरी त्यांच्या नावाने पुन्हा ओरडलं.

"माझं एक गणित आहे," चादरीवरून हात फिरवत ते म्हणाले. "मी इथे काकूंची खाट राखली, तर तिथे माझी कोणीतरी राखेल. इथली उचलली, की तिथलीही उचलली जाईल. म्हणून..." आणि त्यांनी उशी सरळ केली.

मी लाजरी आहे. कोणाच्या गोष्टीत पडत नाही. पण त्या दिवशी पडले. म्हणाले, "उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी घरी आठवडाभर उशिरा जाईन. तोवर दार मी बघते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्याकडे पहिल्या सकाळी पाहिलं होतं.

सुट्टी लागली. निघायच्या दिवशी येतोबांनी मला दाराचे सगळे नियम तीनदा सांगितले. पाटी पुसायची, माठ भरायचा, पाहुणा शिक्षक असला तर उस्तानी, वैद्य असला तर हकीम. गोदामावशीनं भाकऱ्यांची शिदोरी बांधून दिली आणि म्हणाली, "जा ना बाबा आता, गाडी का तुमची पाव्हणी हाये, थांबायले?" येतोबांच्या काखेत एक चपटी डबी होती, जुन्या रेशमी फडक्यात बांधलेली. डबीत काय आहे ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

ते उंबऱ्यापाशी आले आणि थांबले. ज्यांनी सगळ्या नव्या राज्याकडून तो शब्द म्हणवून घेतला होता, त्यांच्याच तोंडून तो निघेना.

मी दारात आडवी उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला लावले. आणि त्यांना पहिल्यांदा हाक मारली.

"येतोबा! काय म्हणायचं?"

"येतो," ते कुजबुजले.

"हौदापलीकडे ऐकू गेलं पाहिजे."

"येतो!" ते ओरडले, आणि कोपऱ्याच्या पलीकडे गेले.

त्या आठवड्यात तीन पाहुणे आले. एका पोस्टमास्तराला मी चाचरत सांगितलं, की इथे बादशहाचे जासूद उतरत. त्याने मान डोलावली. खोटं बोलणं इतकं सोपं असतं, हे मला कॉन्व्हेंटात कोणी शिकवलं नव्हतं. काकूंचं अंथरूण मी रोज उन्हात टाकलं.

आठव्या दिवशी येतोबा आले. टांग्यातून उतरले ते आधी घराकडे न बघता म्हणाले, "तापी केवढी बारीक झालीय हो!" मग चौकात आले, हौदावर तोंड धुतलं, बाजेवर बसले. मी आणि गोदामावशी समोर उभ्या.

"खाट?" मी विचारलं.

"होती."

"राखलेली?"

"छे! बहीण आता माहेरीच राहते, भाच्याची तिन्ही पोरं झोपतात त्या खाटेवर. पण बहिणीनं तिघांना उठवलं. भर दुपारी, ओढून." हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "म्हणाली, उठा रे, ज्याची खाट तो आला."

"आन पयल्यानं काय म्हनली? दारात?" गोदामावशीला राहवेना.

येतोबांनी पंच्याने तोंड पुसलं. जरा जास्त वेळ पुसलं.

"दार उघडलं. केस सगळे पांढरे. मला वरून खालपर्यंत पाहिलं. आणि म्हणाली, किती उशीर रे! लडी आणलीस का?"

"मंग?"

"मग काय," येतोबा म्हणाले. "आणली होती ना."